डाव्या हाताचा मार्का

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिग्रसच्या स्टँडासमोर राजदीपच्या टपरीवर ही गोष्ट मी सतरा वेळा सांगितली आणि सतराही वेळा लोकांनी माना हलवल्या. अठराव्या वेळी मी नेहमीसारखं माझं जुनं पोतं पसरून बसलो होतो आणि समोर बसची वाट पाहत सत्यशीला बसली होती. पुंडलिकरावांच्या डाळ गिरणीत पोत्यांची तोंडं शिवणारी बाई. ती ऐकते आहे म्हटल्यावर मी जरा रंगवूनच सुरुवात केली.

मी पत्र्यात मार्के कापणारा माणूस. पत्र्यात आकार कोरायचा, पोत्यावर ठेवायचा, वरून रंग मारायचा. बोरी अरबच्या पुंडलिकरावांची डाळ तेव्हा 'हाताची डाळ' म्हणूनच विकली जायची. त्यांची बायको मैनाबाई डावरी. गेरूत डावा पंजा बुडवून प्रत्येक पोत्यावर थाप मारायची. अन्नावर डावा हात नको, म्हणून पुंडलिकराव जन्मभर तिच्याशी भांडले. तिनं ऐकलं नाही. मग ती वारली, थाप थांबली, आणि वर्षभरात बाजार ती डाळ विसरला.

मुलगा पियुष पुण्याहून लोगो करून घेऊन आला. त्यात सूर्य, शेत, तुरीची शेंग, गिरणी, वर कमानीत कंपनीचं नाव. सात रंग. मोबाईलवर देखणा दिसायचा. पोत्यावर छापला तर कोणीतरी रस्सा सांडल्यासारखा.

"पियुष," मी म्हणालो, "ज्याला वाचता येत नाही त्या हमालानं ट्रकवर दुरून पाहून ओळखलं पाहिजे. पोरानं काडीनं धुळीत काढला पाहिजे. एक रंग, एक वस्तू. आणि ती वस्तू दुसऱ्या कोणाकडं नको."

"मंग मैनाचा हातच घ्या," पुंडलिकराव म्हणाले. "पण उजवा. आता तरी माह्यं ऐकू दे तिले. अन् बाबाराव, हा मार्का लोकायनं ओळखला नाही, तर मी गिरणीले कुलूप लावतो. माह्याच्यानं आता होत नाही."

गोदामाच्या भिंतीवर गृहप्रवेशाच्या दिवशी सासूनं मनगट धरून उमटवलेला मैनाबाईचा उजवा पंजा होता. त्यावरून मी पत्रा कापला. एप्रिलमधल्या दुपारी रिकामी चाळीस पोती गोदामात ओळीनं अंथरली आणि छापली. हमाल दारातून डोकावला.

"काका, कोण उभं राह्यलं? प्रचाराचं काम का?"

उजव्या पंजाचं असंच होतं. पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. "पाहू उद्या," एवढंच बोलून ते जेवायला गेले. सगळेच गेले. मी दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात, म्हणजे दुसरं कोणी आत जायचा प्रश्नच नाही.

आता ऐका. तासाभरानं मी दार उघडलं. यंत्र बंद. डाळीची पिवळी धूळ हवेत तशीच थांबलेली, खाली बसायचं विसरल्यासारखी. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत माझ्या दंडावर काटा. ओल्या गेरूचा वास आला. मी तर ऑइलपेंट वापरला होता. जमिनीवर चाळीस तांबडे हात. खाली चाळीस बाया निजल्यात आणि भुईतून वर यायला धडपडतात असं वाटलं. आणि मग माझं लक्ष अंगठ्यांकडं गेलं. अंगठे दुसऱ्या बाजूला होते.

चाळीसच्या चाळीस हात डावे!

हमाल पोत्यांना शिवेनात. पियुष भिंतीला टेकला. पुंडलिकराव हळूच खाली बसले, एका पंजावर आपला तळवा ठेवला आणि कोणाशी तरी बोलल्यासारखे म्हणाले, "नाहीच ऐकलं ना. मेल्यावरबी नाही." मग माझ्याकडं न पाहता, "बाबाराव, हाच राहू द्या."

पहिली गाडी दारव्ह्याला गेली. तिथल्या हमालानं खाली उभं राहूनच हाक दिली, "हातवाली आली!" तेव्हापासून गिरणीचं यंत्र बंद नाही. सगळ्यांचे आशीर्वाद देणारे हात उजवे, एकटा हाच डावा. माणूस एकदा अडखळतो आणि मग विसरत नाही. पण सांगा, तो हात कोणी फिरवला? मला तर अजून त्या गोदामात एकट्यानं जाववत नाही. मागून कोणीतरी गेरूत हात बुडवल्यासारखा आवाज...

"काका, उठा जरा," सत्यशीला म्हणाली.

"काहून?"

"उठा तं."

मी उठलो. तिनं माझ्या बुडाखालचं पोतं ओढलं. वर डावा पंजा होता, माझ्या बसण्यानं झिजलेला. तिनं पोतं झटकलं आणि उलटं केलं. पाठीवर उजवा पंजा, कोरा करकरीत.

टपरीवरचे सगळे वाकून पाहू लागले.

"चाळीसबी पोत्यायच्या पाठीवर हा असाच हाये," ती म्हणाली. "भरताना तोंडं म्या धरली. थप्पी लावताना पाठी भिंतीकडं म्याच केल्या. इतके दिवस गप होती मी. जेवायच्या सुट्टीत पोती पालथी केली, पत्रा उलटा ठेवला, अन् तुमीच छापले. अन् नाव कायले त्या बिचारीचं घेऊन राह्यले? झूट बोलता, काका!"