खैर म्हणायचं राहिलं

२००५ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी मेहरुन्निसा नदाफच्या घरात शिरलं, तेव्हा घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू, दोघीच होत्या. नवरा पुण्यात अडकलेला. पाणी चुलीला टेकलं तसा मेहरूनचा धीर सुटला. ती खिडकीतून गळा फाडून हाका मारू लागली.

शेजारचा दस्तगीर शिकलगार गुऱ्हाळातली गूळ कढवायची भली मोठी काहील ढकलत आला. दोघींना तीत बसवून छातीभर पाण्यातून त्यानं चढावरच्या शाळेत पोचवलं आणि तसाच मागं वळला. "खालच्या गल्लीत अजून माणसं हायती."

"जझाकल्ला!" मेहरून मागून ओरडली.

काहील वळणाआड गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. बायकांना दीन, म्हणजे धर्म शिकवणाऱ्या आपांनी बजावलं होतं, 'जझाकल्लाहु खैरन' असं पुरतं म्हणावं. नुसतं 'जझाकल्लाह' म्हणजे अल्लाह तुला मोबदला देवो. कसला, ते खैर म्हटल्यावर कळतं. चांगला. आणि नेमका तोच शब्द तिच्या तोंडून राहिला होता.

तेवढ्यात खालच्या अंगाला भिंत ढासळली. धाडकन आवाज, मग काहीच नाही.

आधीच शाळेत पोचलेली दस्तगीरची बायको जैबुन शेजारीच उभी होती. मेहरूनला तिच्याकडं बघवेना. शेवटी न राहवून तिनं सगळं सांगून टाकलं. "अर्धंच बोलले गं मी. तेंच्या जिवाला काय झालं तर?"

"गप!" जैबुन कडाडली. "तू बरं मागितलंस का वाईट?"

"बरंच की!"

"मग ते वरच्याला कळत न्हाय व्हय?"

पण तिची नजर वळणावरून हलत नव्हती. मेहरूननं तिचा हात धरला, तर तिनं सोडवून घेतला नाही.

बऱ्याच वेळानं काहील दिसली. ढकलणारा दुसराच कुणी होता. जैबुननं किंकाळी फोडली. दस्तगीर आत आडवा पडलेला, खांद्यावर दगड पडून हात लोंबत होता. डोळे मात्र उघडे होते.

"जझाकल्लाहु खैरन, भाईजान," मेहरून हुंदके देत म्हणाली.

"व इय्याकि. तुलाबी तेच मिळू दे," तो दात वाजवत म्हणाला. "आता पाणी द्या कुणीतरी. प्यायचं."

तो हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. मेहरूनची नजर तिकडं गेली की जैबुन तिला हाताला धरून आत न्यायची आणि भाकऱ्या थापायला बसवायची.