समुद्राचे दोन दिवस

लातूर जिल्हा झाला त्या ऑगस्टात गावात सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो ग्यानोबा सोनकांबळेला. पुढाऱ्यांना झाला तो वेगळा. त्यात हारतुऱ्यांचा वाटा होता. ग्यानोबाचा आनंद निखळ होता. सव्वीस वर्षं तहसिलीतलं रेकॉर्ड सांभाळताना त्याची निम्मी हयात उस्मानाबादला खेटे घालण्यात गेली होती. आता कलेक्टर कचेरी इथंच, आणि तिच्या रेकॉर्ड रूमचा कारभारी तो. ट्रकमधून दप्तरांचे गठ्ठे उतरत. तो एकेक गठ्ठा सोडायचा, धूळ झटकायचा आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहायचा : जिल्हा लातूर. लिहून झालं की मान तिरपी करून बघत बसायचा. एकदा त्याची बायको सरजाबाई विसरलेला डबा द्यायला आली आणि हे बघून म्हणाली, "पोरगी झाली तवा बी इतकं न्याहाळलं न्हवतं तुमी."

त्याच साली पावसानं दगा दिला. मृग कोरडा गेला, हस्तानं नुसती हूल दिली. नवा जिल्हा आणि जुना दुष्काळ एकाच गाडीतून उतरल्यासारखे आले. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही तासभर, आणि त्या तासात गल्लीतल्या बायकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. अशा दिवसांत ग्यानोबाच्या घरी मात्र समुद्राच्या गप्पा चालल्या होत्या, हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

गप्पा आणल्या होत्या व्यंकटराव गुरुजींनी. गुरुजी नांदेडला भूगोल शिकवायचे, आणि त्यांच्या मनात होतं की आपल्या बौद्ध मंडळींची एक सहल लंकेला न्यायची. तीस माणसं. नांदेडहून सिकंदराबाद, मद्रास, रामेश्वर, तिथून आगबोट. जानेवारीत निघायचं. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, कँडीचं विहार, सगळं त्यांनी वहीत तारीखवार मांडलं होतं. ग्यानोबाच्या ओसरीवर बसून त्यांनी ते वाचून दाखवलं. सरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् समुद्र?"

"लागंल की वाटेत, वहिनी. बोटीतच बसायचं हाय."

"वाटेत लागायचा न्हाई मला. त्याच्यासाठीच यायचं हाय. बुद्ध काय, हितं घरात बी हाय."

गुरुजी हसले, पण भूगोलाच्या माणसाला समुद्राबद्दल कुणी आपण होऊन विचारलं की त्याचं काळीज सुपाएवढं होतं. त्यांनी वही काढली आणि तिथल्या तिथं दोन दिवस समुद्राचे घातले. एक दिवस जंगलाचाही घातला, हत्ती आणि धबधबा बघायला. सरजाबाई मग वहीजवळ सरकून एकेक विचारत गेली. वाळू पायाला भाजते का, पाणी कमरेएवढं कुठवर असतं, लाट माणसाला ओढून नेते का. शेवटी म्हणाली, "आन् गुरुजी, तिथं पाळी कुणाची असती?"

"कसली पाळी?"

"पाण्याची."

सरजाबाईचं माहेर कंधारकडचं. लहानपणी विहिरीच्या काठाशी घागर घेऊन बसायचं, वरून कुणाला दया आली तर तो ओतेल तेवढं घेऊन यायचं, हे तिनं भोगलेलं होतं. छप्पन सालानंतर तिनं पुन्हा कुणापुढं ओंजळ धरली नाही, पण रांगा काही सुटल्या नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून झाल्यावर टँकरची रांग. आता नळाची रांग. जिथं रांग नाही असं पाणी जगात आहे, यावर तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता.

आणि घाई होती. सप्टेंबरातच नांदेडच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू. डावा गेल्यात जमा, उजव्यात थोडी धुगधुगी. "थेंब चालू ठेवा. पण वर्ष निघेल असं धरून चालू नका," असं त्यांनी ग्यानोबाला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घ्यायची गरज नव्हती, सरजाबाईचे कान शाबूत होते. एसटीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि अहमदपूर आल्यावर म्हणाली, "जानेवारी काय लई लांब न्हाई." तेव्हापासून ग्यानोबानं मनात एकच गाठ मारली. हिचा डोळा जायच्या आत हिला समुद्र दाखवायचा.

आणि त्याच माणसानं घोळ घातला. पासपोर्टचा अर्ज भरताना जिल्ह्याचा रकाना आला. हेडक्लार्क वसंतराव शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "ग्यानोबा, उस्मानाबाद लिही. तुझं रेशनकार्ड तिथलं, सर्व्हिस बुक तिथलं, शाळेचा दाखला तिथला. एकटा अर्ज लातूरचा झाला तर मुंबईच्या माणसाला काय उमजणार?"

"साहेब, जल्मभर दुसऱ्याच्या जिल्ह्याचं नाव लिवलं. आता आपला झालाय, तर आपलं लिवू द्या की."

वसंतरावांनी कपाळाला हात लावला. ग्यानोबानं दोन्ही अर्जांवर टाक बुडवून बुडवून लातूर लिहिलं, आणि सवयीनं मान तिरपी करून बघितलंही.

डिसेंबरात अर्ज परत आले. कागदपत्रं एका जिल्ह्याची आणि अर्ज दुसऱ्याचा, तरी खुलासा करावा. खुलाशाला राजपत्राची प्रत हवी, प्रतीला सही हवी, सहीला साहेब हवेत, आणि साहेब टंचाईच्या दौऱ्यावर. जानेवारीची पौर्णिमा आली. लंकेला सव्वीसच माणसं गेली; भोकरच्या दोघांचंही ऐन वेळी काही अडलं. ग्यानोबानं घरी सांगितलं, "कागद वर अडकल्यात." कुणामुळं अडकले ते सांगितलं नाही. सरजाबाई म्हणाली, "अडकू द्या. समुद्र काय आटतोय?"

गुरुजी भले माणूस. त्यांनी दुसरी सहल मे महिन्यात ठरवली आणि पुन्हा वही उघडली. उन्हाळ्याच्या शेवटी लंकेचा पश्चिमेचा समुद्र खवळतो, म्हणून समुद्राचे दोन दिवस त्यांनी पूर्वेला नेले, त्रिंकोमालीला. तिथं पाणी उथळ, लाट गरीब. किनवटच्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या लेकीनं, पंचशीलेनं, चित्रांचं एक पुस्तक पाठवलं. कचेरी सुटली की ग्यानोबा ते घेऊन ओसरीवर बसायचा. सरजाबाई पुस्तक डोळ्याला भिडवून निळ्या पानांवर बोट फिरवायची. मार्च गेला तसं ती पुस्तक हातात घेईनाशी झाली. म्हणायची, "तुमीच वाचा. तुमच्या तोंडून बरं वाटतं." ग्यानोबाला वाटलं, बायको आपल्या वाचण्यावर खूश आहे. वाचता येणाऱ्या माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही.

मेच्या दोन तारखेला पासपोर्ट आले. दोन निळी पुस्तकं. ग्यानोबानं ती वसंतरावांना दाखवली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर उन्हात घर गाठलं. दार उघडंच होतं. नळाचा दिवस होता आणि सरजाबाई अंगणात नळापाशी घागर लावून बसली होती.

या बाईचा एक कायदा होता. पिण्याच्या पाण्यात हात जाता कामा नये. ओगराळ्यानंच काढायचं. पाण्यावरून तिला लहानपणी जे ऐकावं लागलं होतं, त्यावर तिनं स्वतःच्या घरात असा बंदोबस्त केला होता. पंचशीलेनं एकदा तांब्या बुडवला म्हणून पोरीच्या पाठीत धपाटा घातला होता तिनं. आणि आता तीच सरजाबाई घागरीच्या तोंडात बोट घालून बसली होती. दुसऱ्या पेरापर्यंत. पाणी बोटाला लागलं तशी तिनं चाचपत नळ बंद केला. मग दुसरी घागर शोधायला जमिनीवरून तळवा फिरवला.

ग्यानोबा तीन हातांवर उभा होता. तिनं मान वर केली, तोंड थेट त्याच्याकडं केलं आणि विचारलं, "कोण हाय?"

तो मागं सरकला, गल्लीत गेला, भिंतीला टेकून पोटभर रडला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, परत येऊन कडी जोरात वाजवली. "मी हाय गं. पासपोर्ट आले."

"आले?" ती उठली, हात पदराला पुसले आणि पुढं केले. त्यानं तिचा पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. तिनं तो उघडला, कोऱ्या पानावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "फोटू बरा आलाय की."

पुढचे चार दिवस ग्यानोबा जेवला नाही म्हटलं तरी चालेल. ताटावर बसायचा, उठायचा. डोळ्यांपुढं एकच चित्र : तीस माणसं किनाऱ्यावर उभी, सगळी एकमेकांना दाखवताहेत, ते बघा, ते बघा, आणि त्यांच्यात सरजा, तोंड भलतीकडं करून. कुणीतरी तिची कीव करणार. आणि तो शेजारी उभा राहून काय करणार? जानेवारीत तिला दिसत होतं. एका शब्दापायी त्यानं तिचा समुद्र घालवला होता. आता तिला तिथं नेऊन उभं करणं म्हणजे जखमेवर मीठ, असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवलं कुणी? त्यानंच. कुणासाठी? तिच्यासाठी.

रविवारी कचेरीचं काम सांगून तो नांदेडला गेला. गुरुजी याद्या करत बसले होते. ग्यानोबानं सगळं सांगितलं, बोट घागरीत होतं तेही सांगितलं. "आमच्या दोन जागा दुसऱ्याला द्या, गुरुजी."

गुरुजींनी यादीवर बोट ठेवलं. "भोकरचे दोघं वाट बघून राहिलेत. पण नावं आजच तारेनं मद्रासला जाणार. एकदा गेली की बदल न्हाई." मग त्यांनी चष्मा काढला. "वहिनींना इचारलं का?"

"हाव," ग्यानोबा म्हणाला. "तिचंच म्हणणं हाय."

तार त्याच्यासमोरच गेली. परतीच्या एसटीत त्याला वाटलं, चला, एक ओझं उतरलं.

घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. शेजारची निलंग्याकडची गंगम्मा नुकतीच उठून गेली होती. ओसरीवर सरजाबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर नायलॉनचं जांभळं पातळ होतं. आयुष्यात तिनं नायलॉन अंगाला लावलं नव्हतं; म्हणायची, त्यानं अंगाची काहिली होते.

"गंगम्मानं आणून दिलं," ती म्हणाली. "ती म्हनती, सुती लुगडं भिजलं का जड होतंय, लाटेत पाय उचलत न्हाई. हे लौकर वाळतंय बी. दोन दिवसांत चार येळा भिजले तरी चार येळा वाळंल. काठ बघा बरं, उलटा तर शिवला न्हाई तिनं?"

ग्यानोबा तिच्याजवळ खाली बसला. काठ सरळ होता. त्यानं ते सांगितलं. मग दुसरं सांगितलं. आधी अर्जाचं, वसंतराव काय म्हणाले आणि त्यानं काय लिहिलं ते. मग नळावर काय बघितलं ते. आणि मग, पातळाकडं बघत, नांदेडचं.

सरजाबाईनं पातळाची घडी घालायला घेतली, टोकाला टोक हातानं जुळवत.

"अर्जाचं काय एवढं," ती म्हणाली. "तुमचा आनंद होता तो. मला काय त्याचं वाईट वाटायचं न्हाई."

"सरजा, तुला दिसत न्हाई आता. तिथं नेऊन मी तुला काय दाखवू?"

"बघायचा कुणाला होता?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "बघितला की मी, पुस्तकात. त्यात उभं ऱ्हायचं होतं मला. गळ्याइतक्या पाण्यात. कुणी मागून चल, सरक म्हणायला न्हाई, असं. त्याला डोळे कशाला लागत्यात?"

"पुढच्या साली जाऊ. गुरुजी परत काढतील," ग्यानोबा म्हणाला. गुरुजी या वर्षअखेर रिटायर होणार होते आणि हे दोघांनाही माहीत होतं.

तिनं घडी पूर्ण केली, पातळ बाजूला ठेवलं आणि चाचपत त्याचा हात शोधला. तो धरून ती रडली, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. ग्यानोबाही रडत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "महिना झाला मला काईच दिसत न्हाई. तुमी पुस्तक वाचायचे, मी हाव हाव म्हनायची. नळावर बोट घालायची. तुमाला कळू दिलं न्हाई."

"का गं? मला का न्हाई सांगितलं?"

"कळलं तर तुमी हेच कराल म्हणून," सरजाबाई म्हणाली.