छत्तिसावी गाडी

मी गाड्यांची दारं बंद करतो. एवढंच काम. उघडायचं, बंद करायचं, ऐकायचं. नीट बसलेलं दार 'धप्प' वाजतं, न बसलेलं 'खटॅक'. धप्प आलं की दाराच्या कडेला खडूनं बरोबरची खूण, खटॅक आलं की फुली. फुली पडलेली गाडी मागे जाते, ज्यानं दार बसवलं त्याच्याकडे. दारं बसवतात माझे बाबा. म्हणजे घरी माझ्या प्रत्येक गोष्टीवर बाबा फुली मारतात आणि कारखान्यात त्यांच्यावर मी. आई म्हणते, फिटंफाट.

त्या दिवशी सकाळी साडेसातला मला दोन गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे संध्याकाळी पाचच्या आत एका माणसाला फोन करून 'येतो' किंवा 'येत नाही' असं सांगायचं होतं. तो दुसऱ्या शहरातल्या परदेशी गाड्यांच्या शोरूमचा मॅनेजर होता. भाऊजींनी शब्द टाकला होता आणि त्यानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. पाच वाजेपर्यंत, पुढे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे यातलं बाबांना काहीच माहीत नव्हतं.

आईला माहीत होतं. डबा हातात देताना ती हळूच म्हणाली, "हो म्हण नाहीतर नाही म्हण. मला फक्त सांग, सोमवारपासून भाजी किती जणांची करू?"

"कंपनी जगली तर राहतो."

"आणि नाही जगली तर?"

"तर जातो."

"आणि तुझे बाबा?"

मी बूट घातले.

बाबा पंचावन्न वर्षांचे आहेत. त्यातली एकोणतीस वर्षं दारं. दुसरं काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. मागे एकदा आमच्या बाथरूमचं दार त्यांनी काढून पुन्हा बसवलं. तेव्हापासून ते इतकं छान बंद होतं की आत अडकलेल्या माणसाची हाक बाहेर येत नाही. ताई एकदा पाऊण तास आत होती. बाबांना त्या पाऊण तासाचा आजही अभिमान आहे.

तर कंपनी. देशाची स्वतःची म्हणावी अशी मोटार बनवणारी ही एकच. वर्षभरापूर्वी बँका धडाधड कोसळायला लागल्या. ज्या उरल्या त्यांनी कर्ज देणं बंद केलं, मग लोकांनी गाड्या घेणं बंद केलं, मग सुटे भाग पुरवणाऱ्यांनी आमचा फोन उचलणं बंद केलं. आता बँकांच्या वतीनं तिघांची समिती येणार होती. लाइन चालू दिसली, माणसं कामात दिसली, तर तीन महिन्यांचे पैसे. नाहीतर गेटला कुलूप.

अडचण एकच होती. गोदामात माल होता फक्त नऊ गाड्यांचा.

आमच्या कारखान्याच्या साहेबांना सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण ते तेवढंच म्हणतात. आठ वाजता त्यांनी आम्हाला गोळा केलं.

"नऊ गाड्या लाइनीवरून बाहेर पडतील," ते म्हणाले. "पेंटशॉपच्या मागून वळतील. तिथं दारं काढायची, काचेवरचा नंबर बदलायचा आणि गाडी पुन्हा आत घ्यायची. होऊन जाईल."

बाबांनी हात वर केला. "म्हणजे तीच गाडी?"

"गाडी तीच, नंबर वेगळा."

"आणि दारं?"

"तीच."

"मग मी काय करायचं?"

"बसवायची."

"बसवलेली?"

"काढलेली!"

बाबांनी विचार केला. "पण मी बसवलेली दारं काढणार कोण?"

"कोणीही काढेल हो."

"कोणीही?" बाबा म्हणाले. यानंतर ते दिवसभर साहेबांशी बोलले नाहीत.

नऊ गाड्यांत सहा पांढऱ्या होत्या, दोन लाल आणि एक निळी. पांढऱ्यांची काळजी नव्हती. पांढरी गाडी तिच्या मालकालाही पार्किंगमध्ये ओळखता येत नाही. निळीचं काय करायचं, यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि ती शेवटी ठेवायची असं ठरलं.

दहाला समिती आली. एक गृहस्थ हिशेब विभागात गेले, दुसरे कँटीनमध्ये बसले ते बसलेच. तिसऱ्या होत्या मॅडम. जाड चष्मा, लांबट वही, आणि बहुतेक नवे बूट चावत असावेत, कारण आल्या आल्या त्यांनी विचारलं, "इथे बसायला काही आहे का?" संपूर्ण लाइनीवर एकच स्टूल होतं, ते माझ्या जागेवर. त्या त्यावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत मी उभा.

पहिली फेरी सुरू झाली. मी दारं ऐकत होतो आणि घड्याळ बघत होतो. दर दोन गाड्यांनी खिशातला फोन चाचपत होतो. नऊ गाड्यांत तीन फुल्या पडल्या. लाइनीवर वीस पावलं मागे बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की रात्रीच्या जेवणाचं कठीणच दिसायला लागलं.

"रोज एवढ्याच फुल्या?" मॅडमनी विचारलं.

"चांगल्या दिवशी."

त्यांनी वहीत लिहिलं.

अकरा-सव्वाअकराला पहिली पांढरी पुन्हा आली आणि इथून गोंधळाला सुरुवात झाली. कारण बाबा. समोरचं दार आपण सकाळीच बसवलंय, खालच्या अंगाला त्यात केसाएवढी फट राहिली होती, हे त्यांना आठवत होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं 'नाटकच आहे' म्हणून दार अडकवून दिलं असतं. बाबांनी फट काढली. पुढच्या गाडीचं रबर सारखं केलं. त्याच्या पुढच्या गाडीची कुलपाची पट्टी एक सूत आत घेतली. दुसऱ्या फेरीत एकच फुली पडली. तिसऱ्या फेरीत एकही नाही. गाडी विकायची सोडून पुन्हा पुन्हा बनवत बसलं तर ती चांगली होते, हा शोध कंपनीला चाळीस वर्षांत लागला नव्हता.

मॅडम मान न वर करता लिहीत होत्या. बँकेतली माणसं गाडी बघत नाहीत, आकडा बघतात, त्यावर आमचं सगळं चाललं होतं. फक्त एकदा त्यांनी पेन थांबवलं.

"निळ्या गाड्या कमीच काढता तुम्ही."

"हो मॅडम."

"पण अगदी नेमानं. प्रत्येक नववी निळी."

"कंपनीचं धोरण आहे."

"कशासाठी?"

"आठ पांढऱ्या-लाल बघून माणसाला कंटाळा येतो."

त्यांनी हेही लिहिलं.

दोनला आईचा फोन. "काय ठरलं?"

"तिसरी फेरी चाललीये."

"कसली फेरी? वाटाघाटी करतोयस का?"

"लाइनीवर आहे गं. ठेव."

"अरे, पण मी बाजारात उभी आहे!"

मी फोन ठेवला. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलो, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पायांनाही ठरवता येत नव्हतं.

साडेचारला, चौथ्या फेरीची एकच गाडी उरलेली असताना, मॅडमनी साहेबांना बोलावून घेतलं. माझ्या समोरच. स्टुलावरून उठायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"दिवसाला छत्तीस गाड्या," त्या म्हणाल्या. "या परिस्थितीत हे फारच चांगलं आहे. तीन महिन्यांचे पैसे द्यावेत असं मी लिहिणार आहे."

साहेब म्हणाले, "होऊन..."

"पण खर्च कमी करावा लागेल. आता इथलंच बघा. एक माणूस दार बसवतो, एक माणूस ते तपासतो. सकाळी तीन फुल्या, मग एक, त्यानंतर शून्य. मग दोघं कशाला? बसवणाऱ्यानंच तपासावं. किंवा," त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, "याला बसवायला शिकवा. तरुण आहे, पगारही निम्मा आहे. काही असो, दोघांतला एक पुरे. ही शेवटची गाडी बघते आणि कोण ते लिहून टाकते."

दारं चांगली वाजताहेत कारण ती चारचारदा बसवली आहेत, हे साहेब सांगू शकत नव्हते. मीही नाही. ते सांगितलं की तीन महिने गेले, गेटला कुलूप, दोघंही घरी. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि पुन्हा खिशात घालायच्या ऐवजी माझ्या हातात दिला.

खरं सांगतो, मला हलकं वाटलं. सकाळपासून जे ठरत नव्हतं ते आपोआप ठरलं होतं. निळी येईल. दार धप्प वाजेल. मी खूण करीन. बाबा राहतील, मी पाचच्या आत फोन करीन. पंचावन्न वर्षांच्या माणसाला कोण काम देणार आहे? मला एकानं दिलंच होतं.

बाबांनी वीस पावलांवरून सगळं ऐकलं होतं. त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. शाळेत असताना मी दुसऱ्या खोलीत पुस्तकाचं पान उलटलं नाही, हे त्यांना ऐकू यायचं.

निळी आली. मी दार उघडलं. बंद केलं.

खटॅक.

साधंसुधं खटॅक नव्हे. आतून पत्र्यावर पत्रा आदळला. मी बाबांकडे पाहिलं. ते चिंधीनं हात पुसत होते, एकेक बोट वेगवेगळं, आणि छताकडे बघत होते. छतावर काही नव्हतं.

वरच्या बिजागरीचा बोल्ट दोन आटे ढिला होता. तापानं फणफणलेले असताना, आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, कधीही त्यांच्या हातून असं दार गेलेलं नव्हतं. हे चुकून झालेलं नव्हतं. फुली मार, असं ते मला सांगत होते. मार फुली, म्हणजे म्हातारा कामातून गेला असं ही बाई लिहील आणि तू राहशील.

मी दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा बंद केलं. तेवढाच वेळ.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"ऐकतोय."

"दोनदा?"

"निळी आहे ना."

माझ्या हातात खडू होता आणि दुसऱ्या हातात साहेबांचा रुमाल. सहा वर्षांत मी खोटी खूण कधी केली नव्हती. फुली मारल्यामुळे बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते, तेव्हासुद्धा नाही. मी दाराच्या कडेला बरोबरची खूण केली. इतकी दाबून की खडू तुटला.

"ओके आहे, मॅडम. या माणसाचं दार तपासायला कोणी नको."

मॅडमनी लिहिलं, वही मिटली आणि बूट सांभाळत कँटीनकडे गेल्या. साहेब त्यांच्या मागे. मग बाबा वीस पावलं चालत आले.

"बहिरा झालास काय रे?"

"नाही."

"वरची बिजागरी लटकतेय!"

"ऐकली मी. दोन आटे."

"मग फुली का नाही मारलीस, मूर्खा?"

"कारण मी चाललोय." आणि मी त्यांना शोरूमचं सांगितलं, पाच वाजताचंही.

बाबांनी चिंधीची घडी घातली. "आईला माहितीये?"

"हो."

"ताईला?"

"भाऊजींनीच केलं ना सगळं."

"म्हणजे एकट्या मलाच नाही."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही 'जा' म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो!"

"म्हणून नाही सांगितलं."

ते निळ्या दारावरची माझी खूण बघत राहिले. मग म्हणाले, "ही तू लबाडी केलीस."

"तुम्ही आधी केलीत."

"माझी लबाडी पान्यानं दुरुस्त होते," ते म्हणाले. "तुझी कशानं होणार?"

मग जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "तिकडच्या दारांचा आवाज कसा असतो?"

"बघायला पाहिजे."

"बघ. आणि कळव."

पाचला सहा मिनिटं कमी असताना मी लाइनीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन नंबर लावला. चार रिंग गेल्या. पाचवी. माणूस जागेवर नसेल तर काय, हे मी ठरवलंच नव्हतं. सहाव्या रिंगला त्यानं उचलला.

"बोला, काय ठरलं? येताय?"

"येतो," मी म्हणालो.

तो पगाराचं, खोलीचं, गणवेशाचं सांगायला लागला. मला नीट ऐकू येत नव्हतं. समिती कँटीनमध्ये होती, शिफ्ट सुटली होती, माणसं गेटकडे निघाली होती आणि बाबा एकटेच पाना घेऊन निळ्या गाडीपाशी वाकले होते. दार वाजलं.

"अजून अर्धा आटा!" मी ओरडलो.

"काय?" फोनवरचा माणूस म्हणाला.

"तुम्हाला नाही, साहेब."

"मग सोमवारी नऊला हजर व्हाल ना?"

बाबांनी पाना फिरवला, दार हळूच उघडलं आणि बंद करायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"एक मिनिट हं," मी फोनमध्ये म्हणालो आणि फोन कानापासून लांब धरला.