सुनावणीच्या टोप्या

टप्. दोरीवरचा चिमटा फरशीवर पडला, आणि सकाळपासून एकमेकांशी अवाक्षर न बोललेल्या त्या दोघांनी एकदमच मान वर केली.

"टोप्या वाळल्या वाटते," प्रीतम म्हणाला.

नंदिनीने दोन्ही काढून पर्समध्ये कोंबल्या. एक तिची, एक त्याची, दोन्ही पांढऱ्या. नव्या कापडाच्या खळीचा वास सहन होईना म्हणून तिने त्या कालच पाण्यातून काढल्या होत्या.

भांडणाचं मूळही त्या टोप्याच. नव्या ऊर्जा धोरणाच्या मसुद्यावर लोकांचं ऐकायला आज दिल्लीची समिती नागपुरात सीताबर्डीत येणार होती. कोळशावर वीज बनवणारे जुने संच बंद करायचे आणि सौर वीज वाढवायची, असा तो मसुदा. नंदिनी मिहानजवळच्या सोलर पॅनलच्या कारखान्यात. मालकांच्या संघटनेने सगळ्या बायांना सुट्टी आणि टोपी दिलेली. प्रीतम वीज केंद्रात ठेक्यावर, आणि पहिला बंद होणारा संच नेमका त्याचाच. त्याला टोपी कामगार संघटनेची.

"माह्याच पोटावर पाय द्याले चालली तू," काल जेवताना तो म्हणाला होता.

"अन् तुमच्या संचाच्या राखेनं आपल्या मायाचा खोकला जाऊन नाही राहिला, त्याचं काय?" असं म्हणून ती ताटावरून उठली होती.

पाच वर्षांच्या मायाला मध्ये बसवून दोघं एकाच स्कूटरवर निघाले. सभागृहाच्या दारात ही गर्दी. नंदिनीने एका हाताने मायाला सांभाळत पर्स उघडली, हाताला लागेल ती टोपी त्याला दिली, दुसरी आपल्या डोक्यावर चढवली. दारातली पोरं टोपी बघून माणसं डावी-उजवीकडे लोटत होती. ती डावीकडे गेली.

मायाला मांडीवर घेऊन बसल्यावर पाहते तर आजूबाजूला सगळे पुरुष. कामगारांचे पुढारी वामनराव, तिच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले, वाकून म्हणाले, "काहून वं सूनबाई, पार्टी बदलली का?"

तिने टोपी काढून पाहिली. 'वीज कामगार एकजूट'. पलीकडे, तिच्या मैत्रिणींच्या घोळक्यात, डोक्यावर छापील सूर्य घेऊन प्रीतम अंग चोरून बसला होता. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. उठायला जावं तर सुनावणी सुरू झालेली.

आधी कारखानदारांचे कोटवाले साहेब बोलले. बाहेरून येणाऱ्या पॅनलवर कर, कर्जावर सवलत, जमीन. मग वामनराव. एकही संच बंद होऊ देणार नाही, विषय संपला. नंदिनी कान देऊन ऐकत होती. संच बंद झालाच तर प्रीतमने काय करायचं, हे दोघांच्याही बोलण्यात नव्हतं.

"कामगारांतर्फे एखादी महिला बोलेल का?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

डाव्या बाजूला बाई म्हणून ती एकटीच. वामनराव कुजबुजले, "बोल. संच बंद नोका करू, बस इतकंच."

माइक हातात आला तशी तिने टोपी वर धरली.

"मॅडम, ही टोपी माझ्या नवऱ्याची आहे. चुकून आली. माझी त्यांच्या डोक्यावर आहे."

हशा झाला. ती थांबली नाही.

"मी पॅनल बनवते. जुना संच बंद व्हायला पाहिजे, माझ्या पोरीला खोकला आहे. पण बंद करण्याआधी तिथल्या ठेक्यावरच्या माणसांना आमचं काम शिकवा, त्यांना आमच्याकडं घ्या, अन् हे धोरणातच लिहा. आमच्या साहेबांनी हे मागितलं नाही, वामनरावकाकांनीही नाही. दोघं आपापलं मागून राहिले. आमच्या घरात तर दोन्ही टोप्या एकाच दोरीवर वाळतात."

पलीकडे प्रीतम उभा राहिला. "माझंही हेच म्हणणं आहे," एवढंच बोलून बसला.

मॅडमनी चष्मा काढला. "दोन्ही संघटना मिळून हा मुद्दा लेखी देतील?"

वामनरावांनी टोपीखाली डोकं खाजवलं. "साहेब देत असतील तर आमी काहून नाही देऊ?" एवढ्या लोकांसमोर साहेबांनाही मान हलवावी लागली.

बाहेर, पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री घालून देणाऱ्या ठेल्यावर, साहेब आणि वामनराव प्लेटा घेऊन वाद घालत होते. 'कामावर घेण्यात यावे' लिहायचं की 'घेण्याचा विचार व्हावा'. वामनराव 'यावे' सोडत नव्हते.

"हे घरीच बोलली असती तर?" प्रीतमने विचारलं.

"घरी तुमी ऐकता कुठं?"

तो हसला, कालपासून पहिल्यांदा, आणि आपल्या प्लेटमधले चणे तिच्या प्लेटमध्ये सारले.

मायाने साध्या पोह्यांचा घास गिळला. "आई, मंग बाबा तुह्या कंपनीत कधीपासून येनार?"