निळा गहू

त्या वर्षी अमेरिकेतल्या डाकोटात टोळांनी उभा गहू फस्त केला आणि बर्फ पडायच्या आधीच घरोघरचं पीठ संपलं. विधवा गुनहिल्डकडे मात्र बियाण्याची एक गोण होती. ती कोठाराच्या दारात आडवी उभी राहिली. समोर तिचा दीर एइविंद, हातात कुऱ्हाड घेऊन.

"वहिनी, सरका बाजूला. माझी पोर आता रडतसुद्धा नाही."

"आज खाल भावजी, वसंतात काय पेराल? माती?"

"वसंतापर्यंत जगलो तर ना! तुम्हाला काय, तुमच्या पदरात कुठं लेकरू आहे!"

तिने फावडं उचलून त्याच्या खांद्यावर हाणलं. त्याने तिला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. मग त्याने कुऱ्हाडीने गोण फाडली. सांडलेला गहू निळा होता.

"मोरचूद चोळलंय," ती म्हणाली. "पिकावर काणीचा रोग पडू नये म्हणून. आणि मला मोह होऊ नये म्हणूनही. खाल्लंत तर मराल."

"हडळ आहेस तू!" एइविंद ढसाढसा रडला. मग उठून गोठ्यात गेला आणि तिच्या एकुलत्या बैलाच्या कपाळावर कुऱ्हाड घातली. पहिल्या घावाने बैल मेला नाही. तडफडणारे पाय गुनहिल्डनेच दाबून धरले.

त्याच्या मांसावर तिघांचा हिवाळा निघाला; पण बर्फ वितळल्यावर कुळवाला जुंपायला जनावर नव्हतं. जुवाखाली एका बाजूला एइविंद, दुसऱ्या बाजूला गुनहिल्ड. पोर बांधावर बसून बघत होती. निळ्या दाण्यांना हात लावायचा नाही, एवढं तिला बजावलं होतं.