अकरा मिनिटं उशिरा आलेला थोरला

तर झालं असं, की मीनाक्षीला केहिंदेशी लग्न करायचं होतं आणि तिच्या बाबांची, म्हणजे संजीवकाकांची, अट एकच होती. मुलगा नायजेरियातल्या योरुबा घरातला, चालेल. मटण खातो, आपणही खातो. पण त्याचा जुळा भाऊ ताइवो त्याच्याआधी अकरा मिनिटं जन्मला, म्हणजे तो थोरला, आणि थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं करायचं नाही. ताइवोला तर लग्नच नको होतं. मग थांबायचं किती?

केहिंदे स्वतः काही बोलेल म्हणावं, तर तेही नाही. तो मेन्यूकार्ड शेवटच्या पानापर्यंत वाचणार, ताइवोनं मागवलेलं चाखणार आणि मग कुठे ऑर्डर करणार. मीनाक्षीला हे दोन वर्षं गोड वाटलं होतं. त्या रविवारी दोघं भाऊ काकांच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या घरी जेवायला आले तेव्हा मात्र अजिबात वाटेना. आजही हा गप्प बसला तर याच्याशी लग्न करायचं तरी कशाला, एवढंच तिच्या डोक्यात चाललेलं.

ताइवो आधी आत आला, आधी बसला, मीनाक्षीच्या आईचा, म्हणजे दीपाकाकूंचा, ठेचाही आधी त्यानंच खाल्ला. ग्लासभर पाणी प्यायला आणि भावाला म्हणाला, "तू अर्धाच चमचा घे."

"बघा, थोरला कसा धाकट्याला जपतो," संजीवकाका म्हणाले.

"धाकटा मी आहे, सर," ताइवो म्हणाला.

काकांचा घास हातातच राहिला. ताइवो मात्र सुटलाच. आमच्यात जुळ्यांतला आधी येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे, नावं ठरलेलीच असतात. पोटात असतानाच थोरला, म्हणजे मागे राहिलेला केहिंदे, धाकट्याला सांगतो, तू पुढे हो, जग कसंय ते बघ, मग मी येतो. म्हणून ताइवो म्हटलं की सगळीकडे घुसणारा आणि केहिंदे म्हटलं की विचार करत बसणारा, असं सगळे धरूनच चालतात.

मीनाक्षी केहिंदेकडे वळली. "आणि बाबांची अट ऐकून तू मला हे सांगितलं नाहीस?"

"त्यांच्या घरी त्यांच्या पद्धतीनं मोजत असतील, म्हटलं," केहिंदे म्हणाला. "विचार करत होतो."

"किती महिने?"

काकांनी हात वर केला. "थांब गं. म्हणजे थोरला हा? मग मघापासून हा धाकटाच काय बोलतोय? हे कुठलं वळण?"

ताइवोनं तोंड उघडलं.

"तू नाही," काका म्हणाले.

मग केहिंदे उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि टेबल आणि सोफ्याच्या मधे सरळ पालथा आडवा झाला. सहा फूट दोन इंच. पाय किचनच्या दारापर्यंत गेले.

"अगं, चक्कर आली का याला?" दीपाकाकू म्हणाल्या.

"नाही आई. मोठ्यांना नमस्कार करतोय. त्यांच्यात असाच करतात."

"सर, मॅडम," तो खालूनच बोलला, "मला मीनाक्षीशी लग्न करायचंय. तुमची परवानगी हवी."

आता काकांचं कसं, की समोर कोणी वाकलं की हात आपोआप वर जायचा. तो गेला. "सुखी राहा," तोंडातून निघूनही गेलं.

"दिलात आशीर्वाद," दीपाकाकू म्हणाल्या. "आता मागे घेता यायचा नाही."

काका थोडा वेळ स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

"ऊठ बाबा," ते म्हणाले. "जेवण होऊ दे, मग तारखेचं बोलू."