बासष्ट घरांचा पट

मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. मित्रांनो, माझ्यावर बुद्धी खेळली गेली ती मोजके दिवस. पुढचा सारा काळ मी तिच्याशिवायच काढला.

तसबिरींना चौकटी करणाऱ्या एका कारागिराने काळसर आणि फिके लाकूड जोडून मला घडवले. काम सुरेख होते, एवढे मान्य करतो. सोंगट्या हरवल्यावर त्याच्या थोरल्या मुलाने माझा ट्रे केला, चहा नेता नेता मला जिन्यावर पाडले आणि माझा एक पांढरा कोपरा उडाला. मग दोन्हीकडे सारखे दिसावे म्हणून त्या शहाण्याने तिरपा समोरचा कोपराही करवतीने कापला. तोही पांढराच. चौसष्ट घरांची बासष्ट झाली.

कारागिराने उरल्यासुरल्या लाकडाच्या एकतीस पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टी शेजारची बरोबर दोन घरे झाकेल एवढी. एवढ्या पट्ट्यांत सगळा पट झाका, असे त्याने घरात कोडे घातले. त्याच सुमारास भाडेकरू गेले आणि खिडकीची खोली रिकामी झाली. थोरल्याला ती हवी होती दुपारी झोपायला. धाकट्या सुनेला हवी होती उजेडासाठी. ती बोळात दिव्याखाली बसून सदऱ्यांची काजे करायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांना धार लागायची. सासऱ्यांनी जाहीर केले, कोडे सोडवेल त्याची खोली.

थोरला चार दिवस पट्ट्या सरकवत बसला. दर वेळी शेवटी दोन काळी घरे उघडी राहत, एकमेकांपासून दूर. तो पट्ट्यांना नावे ठेवी, मला ठेवी. पाचव्या दिवशी त्याने शेवटची पट्टी मधोमध कापली, दोन तुकडे त्या दोन घरांवर बसवले आणि छाती फुगवून वडिलांना हाक मारली.

धाकटी सून गळ्यात टेप तसाच ठेवून आली. तिने उभ्या उभ्याच पाहिले.

"मामंजी, हे होणारच नाही," ती म्हणाली. "एक पट्टी एक काळं आणि एक पांढरं घर झाकते. तुटलेले कोपरे दोन्ही पांढरे. काळी बत्तीस, पांढरी तीस. कुणीही बसलं तरी दोन काळी उरणारच."

"मग हे काय झालंय?" सासऱ्यांनी विचारले.

"तुकडे मोजा ना. बत्तीस भरतील."

काम टाळायला हिला बरी कारणे सुचतात, असे थोरला हसत म्हणाला. दिवसाला वीस सदरे उरकणाऱ्या बाईला.

सासऱ्यांनी मोजले. त्यांचे बोट बत्तिसाव्या तुकड्यावर थांबले, तेव्हा त्यांना सगळे कळले होते. पण न सुटणारे कोडे आपणच घातले, हे सुनेपुढे कबूल कोण करणार?

"अट झाकायची होती," ते म्हणाले. "कारण कुणी विचारलं नव्हतं."

खोली थोरल्याला मिळाली. तुकडे सरसाने चिकटवून मला चौकटीत बसवले आणि तिथेच भिंतीवर टांगले. पाहुणे माना डोलावतात. आजवर एकानेही मोजले नाही. खिडकीला पडदा ओढून तो घोरतो आणि मला ते पाहावे लागते. बोळात मात्र धाकटीच्या चष्म्याची काच वर्षागणिक जाड होत गेली. शेवटी तिला सुईत दोरा ओवता येईना, आणि मग घरातल्या सगळ्यांना तिची कीव आली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, मला त्याची गरज नाही. तुमच्या घरात कुणी 'हे होणार नाही' म्हणाले, तर आधी कारण विचारा आणि मग नीट बसून मोजा. बत्तीसपर्यंत मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही. इथे तर मोजूनही झाले होते.